मासा आला तरच अस्वल : ग्रेट बेअर रेनफॉरेस्टमधली भटकंती

सोमवार : व्हँकुव्हर ते क्लेमटू

सप्टेंबरचा तिसरा आठवडा. व्हँकुव्हरहून बेला बेलाला जाणारं विमान लहानसं असतं, आणि हवा मोकळी असेल तर ते सव्वा तासात आख्खा किनारा उलगडून दाखवतं. सुरुवातीला डोंगरउतारांवर तोडीचे चौकोन दिसतात. कुठे नुकतंच बोडकं झालेलं रान, कुठे एकाच वयाची, एकाच उंचीची, ओळीत लावल्यासारखी झाडी. उत्तरेकडे सरकावं तसे ते चौकोन विरळ होतात आणि मग नुसतं पाणी, बेटं आणि गर्द हिरवं.

हेच ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या मधल्या आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर, अलास्काच्या सीमेपर्यंत पसरलेलं ६४ लाख हेक्टरांचं वर्षावन, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. नव्वदच्या दशकात इथल्या तोडीविरुद्ध मोठं आंदोलन उभं राहिलं. रस्ते अडवले गेले, आणि इथलं लाकूड विकत घेणाऱ्या परदेशी कंपन्यांवर दबाव आला. त्यातून २००६ साली पहिला करार झाला आणि २०१६ साली अंतिम. त्यानुसार इथलं ८५ टक्के जंगल व्यापारी तोडीला कायमचं बंद आहे, उरलेल्या १५ टक्क्यांत कडक नियमांखाली तोड चालते. करारात सरकारबरोबर २६ फर्स्ट नेशन्स, म्हणजे इथले मूळ रहिवासी समाज, आहेत. पर्यावरणाच्या लढ्यात इतकं हाती लागणं फार दुर्मीळ.

सोबत दादा होता. तो अमरावतीला शाळेत शिक्षक होता, आता निवृत्त झालाय. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्राणिगणना करायची, हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. त्याच्या ओळखीचं अस्वल म्हणजे वारुळं उकरणारं, मोहाची फुलं खाणारं, अंगावर लांब झिपऱ्या असलेलं. कॅनडात माझ्याकडे यायचं ठरल्यावर त्याने नायगाराचं नावसुद्धा काढलं नाही. "मला मासे धरणारं अस्वल दाखव," एवढंच म्हणाला.

बेला बेलाहून बोटीने दोनेक तासांवर क्लेमटू. स्विंडल बेटावरचं हे किटासू हेहेस लोकांचं गाव. एक धक्का, काही रस्ते, डोंगराला टेकलेली घरं. आम्ही उतरलो ते स्पिरिट बेअर लॉज याच लोकांच्या मालकीचं आहे, आणि अस्वलं दाखवणारे गाइडही बहुतेक गावातलेच. रात्री जेवणानंतर सूचना झाल्या. खिशात खाण्याचं काही ठेवायचं नाही. अस्वल दिसलं की पळायचं नाही. हळू बोलायचं आणि एकत्र राहायचं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि आख्खा रेनकोट मिळाला. दादाने ते रात्रीच घालून पाहिले.

मंगळवार : मसल इनलेट

सकाळी बोट निघाली मुख्य भूमीकडे. दोन्ही बाजूंना सरळ वर गेलेले कडे, त्यांवरून उतरणारे धबधबे, आणि खाली अरुंद, खोल खाडी. ही खाडी पार टोकाला संपते तिथे मसल इनलेट. जवळच्या एका वळणाचं नाव पॉयझन कोव्ह. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या खलाशांनी १७९३ च्या जूनमध्ये इथल्या कालव्यांसारख्या शिंपल्या, म्हणजे मसल, भाजून खाल्ल्या. विषबाधा होऊन त्यांतला जॉन कार्टर मेला. नकाशावर ते प्रकरण तसंच राहून गेलंय.

नदीच्या मुखाशी ओहोटी होती. भरती-ओहोटीत इथे पाण्याची पातळी चार-पाच मीटरने वर-खाली होते, त्यामुळे सकाळी जिथे गवताळ मैदान, दुपारी तिथे समुद्र. त्या गवतात एक ग्रिझली, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलाची मादी, आणि तिची दोन पिल्लं. खांद्यावरचा उंचवटा लांबूनही लपत नाही. ती पाण्यात उतरली की पिल्लं काठावर बसून राहायची. आईने मासा आणला की दोघं तुटून पडायची. एकाने दुसऱ्याच्या तोंडातून शेपटी ओढली आणि ती घेऊन ते गवतात पसार झालं.

गाइडने सांगितलं, पूर्वी अशा जागी कॅमेऱ्यांबरोबर बंदुकाही यायच्या. मुंडकं आणि कातडं भिंतीवर लावायला केलेली शिकार. मांस तिथेच टाकून जायचे. प्रांतात वर्षाला अडीचशेच्या आसपास ग्रिझली असे मारले जात. किनाऱ्यावरच्या फर्स्ट नेशन्सनी २०१२ साली आपल्या परंपरागत कायद्याने आपल्या प्रदेशात ही शिकार बंद जाहीर केली. सरकारने तेव्हा ती मान्य केली नाही आणि परवाने देतच राहिलं. रेनकोस्ट कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेने त्याआधीच, २००५ पासून, वेगळीच वाट काढली होती. परदेशी शिकाऱ्यांना घेऊन येण्याचे व्यापारी हक्कच लोकवर्गणीतून विकत घ्यायचे आणि वापरायचे नाहीत. शेवटी २०१७ च्या डिसेंबरात सरकारने आख्ख्या प्रांतात ग्रिझलीची शिकार बंद केली. फर्स्ट नेशन्सना अन्नासाठी आणि विधींसाठी लागते तेवढीच सूट.

समोरची मादी आमच्याकडे एकदा पाहून परत कामाला लागली. बंदूक काय असते हे त्या पिल्लांना माहीत नाही, आणि हे मला फार मोठं वाटतं.

बोटीत परतताना एक गोष्ट ऐकली, ती मी अजून कितीतरी जणांना सांगितली आहे. इथल्या पाच फर्स्ट नेशन्सनी शास्त्रज्ञांबरोबर ग्रिझलींच्या केसांतून डीएनए तपासला. किनाऱ्यावरच्या ग्रिझलींचे तीन वेगळे आनुवंशिक गट निघाले. मध्ये डोंगर किंवा खाडी आहे म्हणून हे गट पडले असावेत, असं समजून पाहिलं, तर तसं जुळेना. जुळलं ते इथल्या माणसांच्या तीन भाषाकुळांच्या प्रदेशांशी. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. एकाच नदीवर, एकाच माशावर माणूस आणि अस्वल हजारो वर्षं जगले, आणि भरपूर खायला देणाऱ्या प्रदेशात दोघंही आपापल्या जागी राहिले, असा त्याचा अर्थ लावतात. दादा ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्याकडे मोहाचं तसंच आहे. कोरकू बाया पहाटे फुलं वेचायला जातात आणि अस्वलही त्याच झाडाखाली असतं." फरक एवढाच, की मेळघाटात त्या भेटीत माणसं जखमी होतात.

बुधवार : पाऊस

पाऊस असा, की बोट सुटली नाही. चिखलदऱ्याच्या जुलैची सवय असलेल्या दादालाही हा पाऊस लागला, कारण तो थंड होता.

गावात हिंडलो. बंदरावर एकेकाळी मासे डबाबंद करणारा कारखाना होता, तो केव्हाच बंद पडला. पाण्याकाठी सीडरच्या खांबांवर उभं असलेलं बिग हाउस आहे. समारंभ तिथेच होतात. तिथे इथल्या पांढऱ्या अस्वलाची, म्हणजे स्पिरिट बेअरची, कथा ऐकली. जग बर्फाखाली होतं ते दिवस विसरायला नकोत म्हणून डोमकावळ्याने दर दहा काळ्या अस्वलांतलं एक पांढरं केलं.

पण त्या दिवशी जास्त बोलणं झालं ते माशाविषयी. सामन इथल्या नद्यांत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला त्याच नदीत परततो. अंडी घातली की मरतो. पिंक, चम, कोहो, सॉकाय, चिनूक अशा याच्या पाच जाती. अस्वलाच्या वर्षाची सगळी बेगमी ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत होते. मादीच्या बाबतीत तर याहून पुढची गोष्ट आहे. समागम होतो उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पण गर्भ लगेच रुजत नाही. शरद संपेपर्यंत तो तसाच थांबतो. अंगावर पुरेशी चरबी चढली तर रुजतो, नाही तर विरून जातो. मासा कमी आला की उपासमारीने मेलेलं अस्वल दिसेलच असं नाही. पुढच्या वसंतात पिल्लंच दिसत नाहीत.

आणि मासा खरंच कमी येतोय. इथून दक्षिणेला रिव्हर्स इनलेट आहे. किनाऱ्यावरच्या सर्वांत श्रीमंत सॉकाय नद्यांत त्याची गणना होती. १९९९ साली तिथे मासा जवळजवळ आलाच नाही. उपाशी ग्रिझली विकिनो गावात शिरले, आणि त्यांतल्या कित्येकांना गोळ्या घालाव्या लागल्या. २०२२ चा शरद कोरडा गेला, तेव्हा बेला बेलाजवळच्या नीकास नदीत पाणीच उरलं नाही. वर चढायला आलेले हजारो मासे अंडी न घालताच मेले. कारणांची यादी लांब आहे. समुद्र तापतोय, उन्हाळ्यात नद्यांचं पाणी आटतं आणि गरम होतं, जुन्या तोडीने उतारांवरची माती नदीत आली आहे. शिवाय इथल्या नद्यांकडे निघालेला बराच मासा वाटेत अलास्काच्या जाळ्यांत जातो. अस्वलांच्या वाट्याला किती मासा सोडायचा, हा हिशेब मासेमारीचा कोटा ठरवताना मांडला जात नाही, आणि मला यातली सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते.

मत्स्यशेतीचा मुद्दा गुंतागुंतीचा आहे. समुद्रात उघड्या जाळ्यांत सामन वाढवला की त्यावरच्या उवा आणि रोग बाजूने जाणाऱ्या रानटी पिल्लांना लागतात, म्हणून ब्रॉटन द्वीपसमूहातल्या फर्स्ट नेशन्सनी लढून त्या जाळ्या हटवल्या. केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केलं, की जून २०२९ नंतर ब्रिटिश कोलंबियात उघड्या जाळ्या चालणार नाहीत. पण क्लेमटूचा मत्स्यशेती कंपनीशी जुना करार आहे, गावातल्या रोजगाराचा मोठा भाग त्यातून येतो, आणि हा निर्णय इथल्या पुढाऱ्यांना मान्य नाही. आमच्या जमिनीत, पाण्यात काय करायचं ते आम्ही ठरवू, असं त्यांचं म्हणणं. माझं मन रानटी माशाच्या बाजूने आहे. तरी ज्यांच्या हातातून एकदा कारखाना गेला, त्यांना दूरच्या शहरातून उपदेश करण्याचा हक्क मला आहे असं मी मानत नाही.

गुरुवार : प्रिन्सेस रॉयल बेट

आकाश अर्धवट उघडलं. बोटीने प्रिन्सेस रॉयल बेट गाठलं, मग ओढ्याच्या काठाने आत चालत गेलो. इथे पाऊल जमिनीवर पडत नाही, शेवाळावर पडतं. खोडांवर शेवाळ, पडलेल्या झाडांवर शेवाळ, आणि त्या पडलेल्या झाडांवर ओळीने उगवलेली हेमलॉकची रोपं. वाटेवर मधूनमधून अर्धवट खाल्लेले मासे पडलेले, पाण्यापासून कितीतरी आत. अस्वल मासा धरून निवांत खायला झाडीत नेतं, उरलेलं तिथेच कुजतं, आणि समुद्रातला नायट्रोजन झाडांच्या मुळांना मिळतो. व्हिक्टोरिया विद्यापीठाचे टॉम रायमकेन यांनी झाडांच्या वाढचक्रांत हा समुद्राचा नायट्रोजन शोधून दाखवला. हे जंगल माशांवर वाढलंय, असं म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

एका उताराशी बसून राहिलो. वेळ गेला. आधी एक काळं अस्वल आलं, मासा घेऊन गेलं. मग गाइडने नुसती मान वळवली.

तो पांढरा म्हणजे शुभ्र नाही. साईसारखा, आणि पाठीवर तांबूस झाक, गंज चढल्यासारखी. नाक आणि डोळे गडद, म्हणजे हा रंगहीनतेचा प्रकार नव्हे. जात काळ्या अस्वलाचीच. एका जनुकातला बदल आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं होतं, त्यामुळे दोन काळ्या अस्वलांच्या पोटीही पांढरं जन्मतं. माणसाचे केस लाल होतात ते याच जनुकातल्या वेगळ्या बदलांनी.

ओढ्याच्या मधोमध एका दगडावर पुढचे पाय रोवून तो थांबला. मान खाली, हलणंच नाही. मासे त्याच्या पायांपाशी येऊ लागले. दिवसाउजेडी पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला पांढरं अंग आभाळात मिसळलेलं दिसतं, म्हणून काळ्या अस्वलांपेक्षा पांढऱ्याला दिवसा जास्त वेळा मासा मिळतो, असं रायमकेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोजून दाखवलंय. एक झडप, आणि पिंक सामनची मादी त्याच्या जबड्यात. काठावर आणून त्याने तिच्या अंगावर पंजा दाबला. केशरी गाबोळी शेवाळावर सांडली. ती त्याने जिभेने एकेक दाणा वेचून चाटली. मग डोकं फोडून खाल्लं. मग पाठ, पोट, आणि शेवटी शेपटीसुद्धा. मागे काही उरलं नाही.

दादा हरखला होता. गाइडचा चेहरा मात्र तसा नव्हता. तो म्हणाला, मासा भरपूर असतो तेव्हा हा फक्त गाबोळी आणि मेंदू खातो, बाकी टाकून देतो, कारण चरबी तिथेच जास्त असते. शेपटीपर्यंत खातोय म्हणजे त्याला परवडत नाहीये. आम्ही पुढेही पाहत राहिलो. त्याने पुढचा मासाही आख्खाच संपवला. वाटेत दिसलेले अर्धवट मासे आधीच्या आठवड्यात एक लोंढा आला होता तेव्हाचे होते, असं नंतर कळलं.

अस्वल शेवटी झाडीत गेलं. आम्हीही उठलो.

शुक्रवार : तार आणि पोकळ झाड

आज अस्वल पाहायचंच नव्हतं, अस्वलाचं काम पाहायचं होतं. जंगलात एका ठिकाणी झाडांना गुडघ्याच्या उंचीवर काटेरी तार गुंडाळलेली, मधे लाकडांचा लहान ढीग आणि त्यावर उग्र वासाचं पाणी. खायला काही नाही, नुसता वास. अस्वल वासाने येतं, तारेखालून आत जातं आणि चार केस मागे ठेवतं. गाइडने चिमट्याने केसांचा पुंजका उचलला, उजेडाकडे धरला. केसाच्या मुळाशी मोहरीपेक्षाही लहान पांढरा ठिपका होता. त्यातच डीएनए असतो. पुंजका कागदी पाकिटात गेला, वर तारीख आणि जागा लिहिली, मग लायटरच्या ज्योतीने तारेचा तो काटा जाळून स्वच्छ केला, म्हणजे पुढच्या अस्वलाच्या नमुन्यात भेसळ नको. बेशुद्ध करणं नाही, गळ्यात पट्टा नाही. त्याच केसावरून त्या वर्षी अस्वलाने किती सामन खाल्ला तेही कळतं.

अशा केसांतूनच २०२० साली निघालं, की पांढऱ्या रंगाचं जनुक आधी मानत होते त्याहून निम्म्यापर्यंत विरळ आहे, आणि ते जिथे सर्वांत जास्त सापडतं त्यांतल्या जवळपास निम्म्या जागा संरक्षित क्षेत्राबाहेर आहेत. पांढऱ्या अस्वलाची शिकार आधीपासूनच गुन्हा होती. पण हे जनुक वाहणारं काळं अस्वल बाहेरून ओळखूच येत नाही, ते खुशाल मारलं जायचं. किटासू हेहेस लोकांनी यावर बोट ठेवलं आणि २०२२ साली त्यांच्या प्रदेशाच्या मोठ्या भागात काळ्या अस्वलाची शिकारही बंद झाली.

परतीच्या वाटेवर एक रेड सीडर होतं. आम्ही तिघांनी हात धरले तरी कवेत येईना. बुंध्याला फट, आत पोकळी. किनाऱ्यावरची काळी अस्वलं हिवाळा अशाच झाडांत काढतात. जमीन इथे इतकी ओली, की बिळात पाणी भरतं. खोडाचा गाभा कुजून अस्वल मावेल एवढी पोकळी व्हायला झाड शेकडो वर्षांचं असावं लागतं. तोडलेल्या जागी लावलेलं नवं जंगल हिरवं दिसतं, पण त्यातल्या एकाही झाडात मादी पिल्लं घालू शकत नाही, आणि जुनं खोड कुजून गेलं की तिथे घर नाही. दादाने आत डोकं घालून पाहिलं. आतून ओल्या लाकडाचा आणि केसांचा वास येत होता.

शनिवार : बेला बेला

विमान दुपारचं होतं, म्हणून बेला बेलात थोडा वेळ मिळाला. हे हेल्ट्सुक लोकांचं मोठं गाव. धक्क्यावर उभं राहिलं की सीफोर्थ चॅनेलकडे जाणाऱ्या बोटी दिसतात. १३ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे नेथन ई. स्ट्युअर्ट नावाची टगबोट तिथल्या खडकावर चढली आणि लाखभर लिटर डिझेल समुद्रात गेलं. हेल्ट्सुकांच्या शिंपल्यांच्या जागा गेल्या. त्याच्याही दहा वर्षं आधी, मार्च २००६ मध्ये, उत्तरेला गिल बेटावर क्वीन ऑफ द नॉर्थ ही प्रवासी फेरी आदळून बुडाली. हार्टली बेच्या गिटगाट लोकांनी मध्यरात्री आपल्या होड्या काढून प्रवाशांना वाचवलं, तरी दोघं गेले. अनुभवी खलाशी, माहितीचा मार्ग, आणि तरीही.

हे आठवायचं कारण आहे. किटिमाट बंदरातून शेजारच्या अल्बर्टा प्रांताचं कच्चं तेल टँकरने नेण्याचा नॉर्दर्न गेटवे प्रकल्प २०१६ साली रद्द झाला. २०१९ च्या कायद्याने साडेबारा हजार टनांहून जास्त कच्चं तेल वाहणारे टँकर या किनाऱ्यावरच्या बंदरांत येऊ शकत नाहीत. नैसर्गिक वायूच्या जहाजांना हा कायदा लागू नाही. ती २०२५ च्या उन्हाळ्यापासून किटिमाटहून याच खाड्यांतून जाऊ लागली आहेत. आणि आम्ही परतलो त्यानंतर, नोव्हेंबरात, केंद्र आणि अल्बर्टा सरकारांनी केलेल्या समझोत्यात वायव्य किनाऱ्याकडे नव्या तेलवाहिनीचा विचार आला, गरज पडल्यास टँकरबंदीत फेरफार करण्याची तयारीही आली. किनाऱ्यावरच्या फर्स्ट नेशन्सनी लगेच विरोध नोंदवला. तेल सांडलं तर ते नदीमुखांवर पसरतं, हेरिंग जिथे अंडी घालतो त्या गवतावर पसरतं, सामनची पिल्लं गोड्या पाण्यातून खाऱ्यात उतरताना जिथे वाढतात तिथे पसरतं. जंगलातल्या ८५ टक्क्यांना धक्का न लावताही अस्वलं संपवता येतील.

जायचं असेल त्यांच्यासाठी : पांढऱ्या अस्वलासाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा. खर्च खूप आहे, आणि आरक्षण फार आधी करावं लागतं. जा ते इथल्याच लोकांच्या बोटीतून, त्यांच्याच गाइडबरोबर. तो पैसा गावात राहतो, आणि अस्वलांची मोजणी, नद्यांवरची गस्त हीच माणसं करतात.

दादा दिवाळीआधी अमरावतीला परतला. मी इथली मतदार आहे. नोव्हेंबरातली ती बातमी वाचल्यावर माझ्या खासदाराला पत्र लिहिलं : टँकरबंदीच्या कायद्यातला एकही शब्द सैल करू नका, आणि माशांचा कोटा ठरवताना अस्वलांचा वाटा आधी बाजूला काढा. दुसऱ्या मागणीवर अजून उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा लिहिणार आहे.